उतारावरचे घर

केजमधील आमचा प्लॉट उताराचा. रस्त्यापासून मागच्या कुंपणापर्यंत जमीन सहा फूट खाली जाते. अभियंत्यांनी उताराच्या कलानेच आराखडा आखला : बैठक वर, स्वयंपाकघर मध्ये, गारव्यासाठी मातीला टेकलेल्या झोपण्याच्या खोल्या खाली आणि दरम्यान पायऱ्या. नकाशा पाहून आम्ही हरखलो. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आईने मात्र एवढेच विचारले, “रात्री उठावं लागलं तर किती पायऱ्या रे?”

पायऱ्यांऐवजी चाकाच्या खुर्चीसाठी उतरण करावी, तर एक फूट उंचीला निदान बारा फूट लांबी हवी. सहा फुटांना बहात्तर. तेवढी जागा नव्हती. अखेर सारे राहते घर रस्त्याच्या पातळीवर घेतले. खालच्या पोकळीत कोठी आणि पावसाच्या पाण्याची टाकी आली.

गारव्यासाठी माझे मन माळवदाकडे ओढत होते. आईचे माहेर तसेच; जाड भिंतींमुळे वैशाखातही आत थंडावा. पण ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात मातीत रचलेल्या दगडी भिंती आणि जड माळवदे कोसळून हजारो माणसे दगावली. त्यानंतर आई कित्येक रात्री अंगणात झोपली होती. ती म्हणाली, “गारवा हवा, पण तो भार डोक्यावर नको.”

म्हणून भूकंपाचा विचार करून लोखंड-काँक्रीटची चौकट उभारली. घराच्या लांब बाजू उत्तर-दक्षिण ठेवल्या. पश्चिमेला न्हाणीघर व अडगळीची खोली घेतल्याने दुपारचे ऊन आईच्या खोलीपर्यंत पोहोचत नाही. दक्षिणेला रुंद छज्जा, समोरासमोर खिडक्या, छताजवळ झरोके. दिवसभर तापलेला स्लॅब रात्री उष्णता सोडतो. त्यावर दर उन्हाळ्याआधी पांढरा चुना देतो. उंबरे नाहीत, न्हाणीघरात आधाराच्या दांड्या आहेत.

तरीही घरावर सारे सोपवता येत नाही. उतारवयात तहान कमी जाणवते, घामही कमी येतो. बाधलेली उष्णता चटकन लक्षात येत नाही. तिच्या उशाशी तांब्या भरलेला आहे ना, हे मी रोज पाहतो.

गेल्या मे महिन्यात एका रात्री वीज गेली. मी विजेरी घेऊन धावलो. आई भिंतीला हात लावत न्हाणीघरातून सावकाश परतत होती. म्हणाली, “झोप जा. वाट ठाऊक आहे मला.”