लागेल, पण कुणाला?

स्पॅनिश भाषेतला भविष्यकाळ मुळात गरजेपोटीच जन्मला, असे आमच्या संध्याकाळच्या वर्गात बाईंनी सांगितले तेव्हा सगळे हसले. मला मात्र ते पटले. ‘आब्लार’ म्हणजे बोलणे. त्याला ‘ए’ जोडायचे. ‘मला बोलायचे आहे’ असे म्हणता म्हणता दोन शब्द एकमेकांना चिकटले आणि ‘आब्लारे’, म्हणजे ‘मी बोलेन’, तयार झाले. अंतोनियो दे नेब्रिखाने १४९२ सालच्या आपल्या व्याकरणातही ही जुळणी नोंदवली आहे.

उद्याची गरज सांगायला या भाषेत वाटा अनेक. ‘नेसेसितारे’ म्हटले की गरज माझी आणि कर्ताही मीच. पण ‘मे आरा फाल्ता’ हा प्रयोग थेट आपल्या माजघरातला! ‘मला वही लागेल’ यात मी बाजूला उभी, कर्ता वही. वह्या अनेक झाल्या की ‘लागतील’; तिकडेही ‘मे आरान फाल्ता’. आई वाण्याची यादी करते ती याच व्याकरणाने.

खरी गंमत पुढे आहे. ‘तेन्द्रे के’ म्हणजे मला करावे लागेल. तिथे ‘मी’ क्रियापदातच बसलेला, त्याला पळता येत नाही. ‘आब्रा के’ म्हणजे नुसतेच करावे लागेल. कुणी, ते विचारू नये.

दिवाळीनंतर डॉक्टर म्हणाले, बाबांच्या गुडघ्याचे ऑपरेशन करावे लागेल. तेव्हापासून आमच्या घरात हे ‘लागेल’ कर्त्यावाचून हिंडते आहे. पैसे उभे करावे लागतील, जवळ कुणीतरी राहावे लागेल. दादा फोनवर हेच म्हणतो, मामाही हेच. मराठी किती सोयीची भाषा आहे!

बाईंनी पुढच्या वर्षाच्या गरजांवर पाच वाक्ये लिहून आणायला सांगितली होती. पुस्तके, एम.ए.ची फी, परगावी खोली, रेल्वेचा पास, अशी चार भराभर झाली. पाचवे लिहिले, ‘आब्रा के ओपेरार आ पापा’. आणि त्याखाली, कुणी मागितले नसताना, सहावे: ‘तेन्द्रे के केदार्मे एन कासा’. मला घरी राहावे लागेल.

बाईंनी सहाही वाक्यांवर बरोबरची खूण केली. रात्री बाबा म्हणाले, “वाचून दाखव बघू तुझे स्पॅनिश.” मी वाचले. त्यांनी अर्थ विचारला तेव्हा पाच वाक्यांचा सांगितला.