आधी न्याहारी, मग साक्ष

नागपूरहून राजनांदगावकडे जाणारी रेल्वे भंडारा जिल्ह्यातून जाते. वरठीचं भंडारा रोड स्थानक मागे पडतं, तुमसर रोड येतं, वैनगंगा ओलांडली की गोंदियाची वाट लागते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात नोकरीसाठी राजनांदगावला निघालेले नारायण वामन टिळक याच मार्गावरच्या गाडीत बसले होते. त्यांच्या डब्यात अर्नेस्ट वॉर्ड नावाचा फ्री मेथडिस्ट मिशनरी होता. ओळख ना पाळख, तरी दोघांचं बोलणं रंगलं. निरोप घेण्याआधी वॉर्डनं नवा करार टिळकांच्या हाती दिला आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल, असं सांगून टाकलं. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत टिळकांचा बाप्तिस्मा झाला.

भंडाऱ्याच्या ख्रिस्ती मंडळींनी कधी पाहुण्या वक्त्यांचा इतिहास लिहायला घेतला, तर त्याची सुरुवात या डब्यातून करावी. तिथे व्यासपीठ नव्हतं, सूत्रसंचालक नव्हता आणि श्रोता एकच होता. वक्ता बोलला तेवढंच त्यानं ऐकूनही घेतलं. पाहुण्याचं बोलणं कुठं आणि कसं रुजेल याचा हिशेब आधी मांडता येत नाही. या श्रोत्यानं तर पुढं मराठी ख्रिस्ती उपासनेचा सूरच बदलला.

भंडाऱ्यात स्कॉटिश मिशनचं ठाणं पडलं ते १८८२ मध्ये. नागपुरात मिशनरी स्टीफन हिस्लॉप १८४५ सालीच येऊन पोहोचले होते. त्यांच्या कामाची ही पूर्वेकडची फांदी. तेव्हापासून भंडाऱ्याची मंडळी लहानच राहिली. मंडळी लहान असली की रविवारमागून रविवार तोच पाळक, तेच आवाज, तीच उदाहरणं. म्हणून नागपूरहून कुणी येणार म्हटलं की त्या येण्याला वजन असतं. अंतर साठेक किलोमीटरचं, पण पाहुण्याबरोबर मोठ्या जगाची खबर येते. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरातच सहा चर्चपरंपरा एकत्र आल्या आणि चर्च ऑफ नॉर्थ इंडिया जन्माला आलं. एवढी मोठी घटना भंडाऱ्यापासून अशी दोन तासांच्या वाटेवर घडली.

मराठी मंडळ्यांत पाहुण्यांचा खरा हंगाम म्हणजे उपासकाळ. शुभ शुक्रवारी दुपारी बारा ते तीन ख्रिस्ताच्या वधस्तंभावरच्या सात उद्गारांवर मनन होतं, आणि पुष्कळ ठिकाणी हे सात उद्गार सात जणांना वाटून देतात. कुणी शेजारच्या गावचा पाळक, कुणी शिक्षिका, कुणी निवृत्त परिचारिका. उन्हाचा कडाका असतो, पंखे गरगरत असतात, पोटात उपास असतो. तिसरा उद्गार, आई आणि शिष्य यांचा, एखाद्या आईच्याच तोंडून ऐकावा. ती शास्त्रातलं फार काही सांगत नाही. स्वतःच्या घरातलं सांगते, आणि मागच्या बाकांवरून रुमाल निघतात.

मग येते ईस्टरची पहाट. उजाडायच्या आत उपासना, आणि ती सुटली की न्याहारी. विदर्भात न्याहारी म्हणजे पोहे आणि वर तर्री. लालभडक तवंगाखाली हरभरे, बाजूला चिरलेला कांदा. पाहुण्याच्या ताटलीत तर्री घालताना वाढणारी बाई दोनदा विचारते, ‘भाऊ, तिखट चालते ना?’ वक्त्याची पारख तिथेच सुरू होते. संदेश आटोपून गाडीकडे धावणारा वक्ता मंडळीला फारसा आठवत नाही. ताटली हातात घेऊन पोरांमध्ये जो उभा राहतो, त्याला पुढच्या वर्षी आपणहून बोलावणं जातं.

न्याहारी आणि पाहुणा वक्ता ही जोडी जगभर पोचवण्यात एका गवळ्याचा मोठा हात आहे. डेमॉस शाकारियन हा कॅलिफोर्नियातला आर्मेनियन वंशाचा दुग्धव्यावसायिक. १९५१ मध्ये लॉस एंजेलिसच्या क्लिफ्टन्स कॅफेटेरियात त्यानं शनिवारी सकाळी व्यापारी-उद्योजक माणसं जमवली. पहिले वक्ते होते ओरल रॉबर्ट्स. वर्षभर माणसं फारशी जमली नाहीत आणि शाकारियन सगळं आवरायच्या बेतात होता. पण त्याचा आग्रह एवढाच होता की प्रवचन नको, माणसानं आपल्या आयुष्यात काय घडलं ते सांगावं. तोच आग्रह पुढे देशोदेशी गेला.

मराठी ख्रिस्ती माणूस याला ‘साक्ष देणं’ म्हणतो, आणि ते त्याला नवं नाही. अहमदनगरच्या अमेरिकन मिशनमध्ये एकोणिसाव्या शतकातच ख्रिस्ती कीर्तन उभं राहिलं होतं. पुढे टिळकांनीही झांज-मृदंगाच्या साथीनं ते केलं. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंना तर शाळा मिळालीच नाही, अक्षरओळख घरात झाली. १९३३ मध्ये नागपूरच्या ख्रिस्ती साहित्य संमेलनात त्या अध्यक्षपदी होत्या. पुढच्याच वर्षी त्यांच्या ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्राचा पहिला भाग आला. ते अख्खं पुस्तक म्हणजे साक्षच आहे. सोवळं, भांडणं, वियोग, भूक, हसू, काही म्हणून झाकलेलं नाही. पाहुण्या वक्त्यांनी तयारीसाठी एकच पुस्तक वाचायचं असेल तर ते हे वाचावं.

भंडाऱ्याचा श्रोता मात्र सोपा नाही. ही लोकनाट्यांची झाडीपट्टी. इथल्या माणसानं रात्र-रात्र बसून दंडार पाहिलेली असते, खडी गंमत ऐकलेली असते. बोलणं कुठं पोकळ झालं ते त्याला लगेच कळतं. पुण्या-मुंबईचा वक्ता लिहून आणलेलं वाचू लागला की तो आदरानं ऐकतो, पण आतून उठून गेलेला असतो. तोच वक्ता कागद बाजूला ठेवून आपल्या वडिलांच्या आजारपणाबद्दल बोलला, की चहा गार होतो आणि कुणी कप उचलत नाही.

पाहुणा दुरूनच यायला हवा, ही समजूत आता सोडायला हरकत नाही. योहानाच्या शुभवर्तमानाच्या शेवटच्या अध्यायात पुनरुत्थित ख्रिस्त तळ्याकाठी निखाऱ्यांवर मासळी भाजतो, रात्रभर राबलेल्या कोळ्यांना न्याहारीला बोलावतो, आणि त्यांचं खाऊन झाल्यावरच पेत्राला तीनदा विचारतो, माझ्यावर तुझी प्रीती आहे का? पोटात अन्न आधी, अवघड प्रश्न नंतर. हा क्रम भंडाऱ्यात जितका समजेल तितका थोड्याच ठिकाणी. हा तलावांचा जिल्हा. कोहळी समाजानं बांधलेले माजी मालगुजारी तलाव, म्हणजे मामा तलाव, आणि त्यांवर पिढ्यान् पिढ्या जाळं टाकणारे ढिवर. गाळानं भरत चाललेल्या आणि बेशरमच्या झाडोऱ्यानं वेढलेल्या तलावांत पुन्हा देशी पाणवनस्पती लावणाऱ्या ढिवर बायका या परिसरात आहेत. त्या ख्रिस्ती नसतील, पण न्याहारीला बोलावण्यासाठी ती अट कशाला?

त्या अध्यायात एकशे त्रेपन्न मोठे मासे आले तरी जाळं फाटलं नाही, असं आहे. पाळकांनी ते अनेकदा समजावलं असेल. असं जाळं कोणत्या सुताचं आणि कोणत्या गाठीचं असतं, रात्रभर काही न देणाऱ्या पाण्यात पहाटे मासा कुठून येतो, हे ज्याला हातानं ठाऊक आहे त्याला येत्या ईस्टरला बोलवावं. त्यासाठी नागपूरला फोन लावायची गरज नाही. साकोली-लाखांदूरकडच्या तलावांच्या पाळीवर तो पाहुणा सकाळीच भेटेल.