आम्ही मोटारसायकल कशी निवडली

शिकावयाच्या गोष्टी योग्य वयांत शिकाव्या, असें आम्ही गेलीं वीस वर्षें वर्गांत सांगत आलों आहों. परंतु मोटारसायकल चालविण्यास आम्ही स्वतः वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षीं शिकलों. आणि ती शिकतांना व पुढें विकत घेतांना ज्या चुका आमच्या हातून घडल्या, त्या विद्यार्थ्यांच्या व त्यांच्या पालकांच्या कानांवर घालाव्या, या हेतूनें हा लेख लिहीत आहों. स्वतःच्या चुका सांगतांना शिक्षकास थोडी लाज वाटते हें खरें. तथापि त्या ऐकून एखाद्याचा गुडघा वांचत असेल, तर ती लाज सोसण्यास आमची हरकत नाहीं.

आमचें घर राधानगरीस, आणि शाळा कोल्हापूरच्या बाजूस. जाणें-येणें मिळून रोज सुमारें ऐंशी किलोमीटरांचा प्रवास घडतो. राजर्षी शाहू महाराजांनीं आरंभिलेलें धरण मागें टाकलें कीं भोगावतीचें खोरें लागतें. दोहों बाजूंस ऊंस आणि भातशेती, वाटेंत परित्यानजीक साखर कारखाना. ही वाट आम्हीं वर्षानुवर्षें एस. टी.च्या गाडीनेंच काटली. खिडकीशीं बसून वह्या तपासाव्या, परततांना डुलकी घ्यावी, असा आमचा क्रम होता. पुढें २०२१ सालीं, दीर्घ टाळेबंदीनंतर शाळा नुकत्याच पुनः भरूं लागल्या असतां, ऑक्टोबरच्या अखेरीस एस. टी. कर्मचाऱ्यांचा संप सुरू झाला, आणि तो एप्रिल २०२२ पर्यंत चालला. त्या संपाच्या बऱ्यावाईटाची चर्चा येथें करावयाची नाहीं. आमच्यापुढें प्रश्न एवढाच होता कीं, दीड वर्षानें वर्गांत येऊन बसलेल्या मुलांसमोर सकाळीं वेळेवर उभें कसें राहावें? वडापच्या जीपगाडींत जागा मिळेल तेव्हां खरी!

अशा वेळीं आमचे मेहुणे मदतीस आले. ते नोकरीनिमित्त परगांवीं असत, आणि त्यांची साडेतीनशे सी.सी.ची भारदस्त मोटारसायकल घरीं पडून होती. "दाजी, गाडी नुसतीच उभी हाय, घेऊन जावा खुशाल," असें त्यांनीं फोनवरून सांगितलें. आम्हीं चार दिवस संध्याकाळीं मैदानांत फेऱ्या मारल्या आणि पांचव्या दिवशीं थेट शाळेची वाट धरली. परवाना? तो आमच्याजवळ नव्हता. संप मिटेपर्यंतचीच तर गोष्ट, अशी आम्हीं मनाची समजूत घातली. शिवाय हेंही कबूल करावयास हवें कीं, त्या गाडीचा गंभीर आवाज ऐकून मुलें फाटकाशीं जमत, आणि तें पाहून आमची छाती किंचित् पुढें येई.

डिसेंबरांतील एके संध्याकाळीं आम्ही घरीं परतत होतों. दिवस मावळला होता. उसाचा हंगाम म्हणजे या रस्त्यावर ट्रॅक्टरांची रांग. एकेका ट्रॅक्टरामागें उसानें लादलेल्या दोन दोन ट्रॉल्या. अशीच एक ट्रॉली पुढें चालली होती, आणि तिच्या पाठीशीं ना दिवा होता ना तांबडी पट्टी. ती आम्हांस दिसली तेव्हां फार जवळ आली होती. घाबरून आम्हीं पायाचा ब्रेक सर्व शक्तीनिशीं दाबला, मागचें चाक जाम होऊन घसरलें, आणि गाडी कशीबशी रस्त्याच्या कडेस थांबली. पाय टेकावयास गेलों तों तेथें खळगा! जवळजवळ दोन क्विंटलांचें तें धूड एकदां कलल्यावर आम्हांस सांवरेना. गाडी पडली, आम्ही पडलों, गुडघा सोलवटून निघाला. त्याहून वाईट वाटलें तें हें कीं, ती गाडी आम्हांस उचलतांही येईना. अखेर मागून येणाऱ्या दोन ऊंसतोड मजुरांनीं ती उभी करून दिली आणि आमच्या आभारांची वाटही न पाहतां ते निघून गेले.

दुसऱ्या दिवशीं लंगडत शाळेंत गेलों, तों नववीतील एक मुलगा वडिलांच्या मोटारसायकलीवर, मागें दोन मित्र घेऊन, फाटकांतून आंत आला. आम्हीं त्यास बाजूस बोलावून चांगलेंच फैलावर घेतलें. तो मान खालीं घालून ऐकत होता. आमचें बोलणें संपल्यावर तो हळूच म्हणाला, "सर, लायसन्स तुमच्याकडं तरी कुठं हाय?" त्याच्या स्वरांत उद्धटपणा नव्हता, त्यास खरोखरच जाणून घ्यावयाचें होतें. आम्हांस उत्तर देतां आलें नाहीं. आपल्या पाठीमागें कोण चाललें आहे हें शिक्षकानें विसरूं नये, हा धडा त्या दिवशीं आम्हांस एका विद्यार्थ्यानें दिला.

त्याच रविवारीं आम्हीं मेहुण्यांची गाडी त्यांच्या घरीं नेऊन पोंचविली, तीही एका परवानाधारक स्नेह्याच्या हातीं देऊन. पुढें वडापनें, कधीं कोणाच्या मागें बसून, कधीं उशिरा, असे शाळेस जाऊं लागलों. कोल्हापूरच्या परिवहन कार्यालयांत रस्त्यावरील चिन्हांची परीक्षा देऊन शिकाऊ परवाना काढला. तो मिळाल्यावर निदान तीस दिवस गेल्यावांचून पक्क्या परवान्याची परीक्षा देतां येत नाहीं. ते दिवस आम्हांस प्रथम जाचक वाटले. पण एका ओळखीच्या मिस्त्रींनीं त्यांचा उपयोग करून घेतला. हलकीशी गाडी देऊन ते आम्हांस मैदानांत इंग्रजी आठाच्या आकड्यासारखी, पायीं चालण्याच्या वेगानें, फिरवावयास लावीत. "सर, पळवाय सगळ्यांनाच येतंय. हळू चालवाय आणि थांबवाय येतंय काय ते बघा," हें त्यांचें नेहमींचें बोलणें असे.

मग प्रश्न आला गाडी विकत घेण्याचा. आम्ही दुकानांतून चकचकीत पत्रकें घेऊन आलों. तीं पाहून आमच्या पत्नीनें विचारलें, "अहो, आधीं आपला रस्ता कागदावर लिहा कीं! गाडी त्यावर चालवायची आहे ना?" हा प्रश्न आम्हांस पूर्वींच सुचावयास हवा होता. आम्हीं कागद घेऊन लिहिलें: रोज ऐंशी किलोमीटर, चार महिने धो धो पाऊस, हिंवाळ्यांत उसाच्या ट्रॉल्या, ठिकठिकाणीं खड्डे, अभयारण्याचें रान जवळ असल्यामुळें अंधार पडल्यावर क्वचित् गवाही आडवा येण्याचा संभव, चालक नवशिका, वय त्रेचाळीस, खिसा शिक्षकाचा. हा कागद समोर ठेवल्यावर निवड पुष्कळ सोपी झाली.

गिअर नसलेली स्कूटर चालविण्यास सोपी. परंतु तिचीं चाकें सामान्यतः दहा ते बारा इंचांचीं, तर मोटारसायकलीचीं सतरा-अठरा इंचांचीं असतात. लहान चाक खड्ड्यांत अधिक खोल उतरतें व धक्काही अधिक देतें. शहरांत स्कूटर उत्तम. आमच्या वाटेस मोठें चाक बरें.

आतां इंजिनाचें सामर्थ्य. विद्यार्थ्यांनीं पुढील गणित करून पाहावें. महिन्यांत पंचवीस दिवस, म्हणजे दोन हजार किलोमीटर. लिटरास साठ किलोमीटर चालणाऱ्या गाडीस सुमारें ३३ लिटर पेट्रोल लागेल, पस्तीस चालणारीस ५७. लिटराचा भाव शंभर रुपये धरला तरी महिन्यास सुमारें चोवीसशे रुपयांचा फरक पडला. एवढ्या पैशांत घरांत किती गोष्टी येतात, हें आईस विचारावें.

दुसरें गणित वेगाचें. ताशीं ४० किलोमीटर म्हणजे सेकंदास सुमारें ११ मीटर. संकट दिसून ब्रेक दाबला जाईपर्यंत एक सेकंद गेला, तर तेवढ्यांतच गाडी ११ मीटर पुढें जाते. त्यापुढें, कोरड्या रस्त्यावर तिचा वेग दर सेकंदास ६ मीटर प्रतिसेकंद या प्रमाणानें कमी होतो असें धरलें, तर थांबावयास आणखी सुमारें १० मीटर लागतात, एकूण २१. वेग दुप्पट, म्हणजे ८० केला, तर तो पहिला सेकंद २२ मीटर घेतो. पण ब्रेक दाबल्यानंतरचें अंतर दुप्पट न होतां चौपट होतें, म्हणजे सुमारें ४१ मीटर. एकूण झाले ६३! ओल्या रस्त्यावर याहूनही अधिक. बिनदिव्याची ट्रॉली आपल्या दिव्याच्या उजेडांत येईपर्यंत एवढें अंतर उरेलच असें नाहीं. म्हणून ज्या वेगाची आम्हांस गरज नाहीं, त्याकरितां पैसे मोजावयाचे नाहींत, असें आम्हीं ठरविलें.

ब्रेकाविषयींही आमचें अज्ञान दूर झालें. पुढचा ब्रेक दाबला कीं आपण तोंडावर पडतों, अशी नवशिक्यांची समजूत असते, आमचीही होती. वस्तुतः गाडी थांबतांना भार पुढच्या चाकावर येतो, आणि थांबविण्याचें बहुतेक काम तेंच चाक करतें. दोन्ही ब्रेक एकदम, परंतु हिसका न देतां, हळूहळू आवळीत न्यावे; वळणावर व खडीवर विशेष जपावें. १ एप्रिल २०१९ पासून नव्या गाड्यांस याबाबत सक्ती झाली: १२५ सी.सी.पर्यंतच्या गाडीस निदान एक ब्रेक दाबला असतां दोन्ही चाकांवर जोर वांटून देणारी 'सी.बी.एस.' योजना, आणि त्याहून मोठ्या गाडीस चाक जाम होऊं न देणारी 'ए.बी.एस.' योजना. जुनी गाडी घेणाऱ्यानें ती कोणत्या सालची आहे हें अवश्य पाहावें.

शेवटची परीक्षा मिस्त्रींची. ते म्हणाले, "सर, गाडीवर बसून दोन्ही पाय सपाट टेकतात काय बघा. मग गाडी बंद करून वीस पावलं ढकला. आणि पडली तर एकट्यानं उचलता येईल, अशीच घ्या." हें दुकानाच्या पत्रकांत कोठेंही छापलेलें नव्हतें. १९८५ सालीं हीरो होंडा सी.डी. १०० ही शंभर सी.सी.च्या जातीची चार-स्ट्रोक गाडी आपल्या देशांत आली. पुढें दूधवाले, पोस्टमन, शिक्षक अशा अनेकांच्या दारांत तिच्यासारख्या गाड्या दिसूं लागल्या. त्याच साध्या जातीची, सव्वा क्विंटलाहूनही कमी वजनाची एक गाडी आम्हीं २०२२ च्या उन्हाळ्यांत, पक्का परवाना हातीं आल्यानंतर घेतली. तिच्याबरोबर आय.एस.आय. चिन्हाचीं दोन हेल्मेटें घेतलीं. एक आमचें, दुसरें मागें बसणाऱ्याचें. ती प्रथम शाळेंत नेली तेव्हां फाटकाशीं कोणीही जमलें नाहीं. त्यानंतर आजवर ती एकदांच पडली, तीही उभी असतां वाऱ्यानें. आणि आम्हीं ती एकट्यानें उचलली.

पालकांस एक विनंति आहे. गिअरची मोटारसायकल चालविण्यास कायद्यानें अठरा वर्षें पूर्ण व्हावीं लागतात. २०१९ सालीं मोटार वाहन कायद्यांत झालेल्या दुरुस्तीप्रमाणें, अल्पवयी मुलानें गाडी चालवून गुन्हा केल्यास पालकास किंवा गाडीच्या मालकास तीन वर्षांपर्यंत कैद व पंचवीस हजार रुपये दंड होऊं शकतो. परंतु दंडाचें भय हें लहान कारण झालें. मोठें कारण हें कीं, किल्ली मागणाऱ्या मुलास 'नाहीं' म्हणतांना आपला स्वतःचा परवाना व डोक्यावरील हेल्मेट त्यास दिसावयास हवें. नाहींतर आमची जी गत त्या दिवशीं झाली तीच आपली होईल.

असो. तो नववीतील मुलगा गेल्या वर्षीं अठरा पूर्ण झाल्यावर वडिलांसह आम्हांस भेटावयास आला. पक्का परवाना त्यानें प्रथम दाखविला, आणि मग विचारलें, "सर, गाडी कोणती घेऊ?" आम्हीं नांव कोणतेंच सांगितलें नाहीं. त्यास कागद व पेन्सिल दिली, आणि आपला रस्ता लिहावयास सांगितला.