हवा कुठून कुठे जाते

दिग्रसच्या आमच्या जुन्या घराच्या पुढच्या खोलीत अब्बांचे दुकान होते. छताचे पंखे, टेबल फॅन, कूलरच्या मोटारी, पाण्याचे पंप. मार्च लागला की दारात जळालेल्या पंख्यांची रांग लागायची आणि घरभर वार्निशचा वास भरायचा. अब्बा जळकी कॉइल काढायचे, नव्या तांब्याच्या तारेचे वेढे घालायचे आणि मी शेजारी बसून वेढे मोजायचे. धाकट्या भावाला त्याचा कंटाळा होता, मला मोजायला आवडे. पण सगळे जुळवून झाले, प्लग लावायची वेळ आली की अब्बा म्हणायचे, "तू दूर हट." मुलीने वेढे मोजावेत, करंटला हात लावू नये, असा त्यांचा हिशेब होता.

पुढे मी बी.एड. केले, उर्दू शाळेत शिकवू लागले. दुकान भावाने दोन वर्षे चालवले, मग शटर ओढले. अब्बांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. एका डोळ्याचे ऑपरेशन झाले, दुसऱ्याचे ते आजउद्या करत राहिले.

2024 च्या उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही घरी कॉम्प्युटर जुळवला. शाळेच्या प्रश्नपत्रिका, मुलांचे हस्तलिखित, निकालपत्रके असे सगळे उर्दू टायपिंग इनपेजवर माझ्याच गळ्यात पडते. जुना कॉम्प्युटर मे महिन्यात दुपारी चालायचाच नाही, आपोआप बंद पडायचा. माझा मुलगा अकरावीत. त्याला चित्रे हलवण्याचे, थ्री-डीचे वेड. तयार मशीन महाग पडते, सुटे भाग आणून जोडू, असे त्याने मला पटवले. माझी भिशी निघाली होती. नागपूरला जाऊन सीताबर्डीतून भाग आणले. कॅबिनेट मुलाच्या पसंतीचे, एका बाजूला काच, आणि पंखे चार, चारही रंगीत उजेडाचे. "उजेडाची काय गरज?" मी विचारले. तो म्हणाला, "अम्मी, काच आहे ना."

मदरबोर्ड, प्रोसेसर, रॅम हे सगळे सोपे निघाले. जिथे बसते तिथेच बसते. गोंधळ पंख्यांनी केला. एकेका पंख्याला दोन शेपट्या, एक फिरण्याची आणि एक उजेडाची. म्हणजे चार पंख्यांच्या आठ, आणि बोर्डावर मुंगीएवढ्या अक्षरांत लिहिलेल्या पिना. माहितीपुस्तक इंग्रजीत होते. मी ते शब्दकोश घेऊन वाचले, जसे बी.एड.चे मानसशास्त्र वाचले होते.

फिरण्याची शेपटी मला लवकर कळली, कारण ती अब्बांच्या दुकानातलीच गोष्ट होती. तीन तारांचा पंखा असतो. एक तार परतीची, एक बारा व्होल्टची आणि तिसरी पंख्याने बोर्डाला दिलेली हजेरी. प्रत्येक फेऱ्याला दोन ठोके ती पाठवते, त्यावरून मिनिटाला किती फेरे झाले ते बोर्ड ओळखतो. प्रोसेसरच्या डोक्यावरच्या पंख्याची हजेरी आली नाही तर बोर्ड सुरुवातीलाच अडून बसतो, पडद्यावर तक्रार लिहितो. आमच्या हेडमास्तरांसारखाच. तीन तारांच्या पंख्याचा वेग कमी करायचा तर व्होल्टेज कमी करावे लागते. फार कमी केले तर तो मध्येच थांबतो.

चार तारांच्या पंख्याचे तसे नाही. बारा व्होल्ट पूर्ण मिळतात, वेगाचा हुकूम चौथ्या तारेतून येतो. सेकंदाला सुमारे 25 हजार वेळा चालू-बंद, चालू-बंद. त्यात चालूचा वाटा किती, त्यावर वेग. हे मी अब्बांना रात्री जेवताना सांगितले. दुकानातले जुने रेग्युलेटर त्यांना आठवले, ते अवजड गोल डबे, पंखा हळू केला की जे स्वतःच तापायचे. वीज पंख्याऐवजी डब्यात जळायची. माझे ऐकून ते थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "म्हणजे लोडशेडिंगच की. फक्त कुणाला कळत नाही इतक्या घाईने." आमच्याकडे बारा-बारा तासांचे लोडशेडिंग पाहिलेल्या माणसालाच अशी उपमा सुचेल. मी ती पुढे दहावीच्या वर्गात वापरली.

उजेडाच्या शेपटीने मात्र मला फसवले. म्हणजे मीच फसले. बोर्डावर उजेडासाठी दोन प्रकारच्या पिना होत्या. चार पिनांची जागा बारा व्होल्टची. तिथून सगळ्या दिव्यांना एकाच वेळी एकच रंग मिळतो. दुसरी जागा पाच व्होल्टची. तीही चारांचीच, पण तिची एक पिन मुद्दाम काढलेली असते, तीनच उरतात. आमचे पंखे पाच व्होल्टचे. त्यांच्या प्लगात ते चौथे छिद्र बुजवलेले असते तर तो चुकीच्या जागी बसलाच नसता. आमच्या प्लगाचे ते उघडे होते. मुलगा म्हणत होता, "अम्मी, थांब, एकदा पुस्तकात बघू." मला दुपारच्या नमाजच्या आत काम उरकायचे होते. मी एक पंखा तपासायला म्हणून प्लग दाबला आणि बटन चालू केले.

पंखा फिरला. दिवे क्षणभर लखकन पांढरे झाले आणि विझले, कायमचे.

रात्री अब्बांनी विचारले, कुठवर आले? मी म्हटले, "एक पंखाच खराब आला." मुलाने ताटातली नजर वर केली नाही. छत्तीस वर्षांची बाई, वर्गात खरे बोलण्यावर धडे देणारी, आणि बापासमोर सातवीतल्या पोरीसारखी खोटे बोलले. कारण एकच. "तू दूर हट" हे मला पुन्हा ऐकायचे नव्हते.

दुसऱ्या दिवशी पाच व्होल्टच्या जागेवर उरलेले तीन पंखे साखळीने लावले. ते लागले आणि मुलगा नाचलाच. हे दिवे कसे चालतात ते मला फार आवडले. प्रत्येक दिव्याच्या पोटात एक छोटी चिप असते. बोर्ड एकाच तारेतून सगळ्यांचे रंग एकामागोमाग पाठवतो. पहिला दिवा आपल्यापुरते 24 अंक घेतो, लाल, हिरव्या आणि निळ्यासाठी आठ-आठ, बाकीचे पुढे ढकलतो. दुसरा आपले घेतो, पुढे ढकलतो. आपण पहिल्या बाकावर वह्यांचा गठ्ठा देतो आणि प्रत्येक मूल आपली ठेवून मागे देते, अगदी तसे. म्हणूनच मधला एक बाक रिकामा पडला तर मागच्यांना वह्या मिळत नाहीत. माझा जळालेला पंखा या साखळीत ठेवता येत नव्हता. त्याची मोटर मात्र शाबूत होती, कारण ती वेगळ्या शेपटीवर होती. त्याला आम्ही पुढच्या जाळीत खाली, टेबलाच्या कडेआड बसवले.

सगळे झाले, तरी मशीन तापतच होते. खोलीतच 41 अंश, बाहेर 44-45. चित्राचे काम सुरू केले की प्रोसेसर 90 च्या वर जाई आणि पंखे गिरणीसारखे ओरडत. तापमानानुसार वेग ठरवणारी वक्ररेषा बोर्डाच्या सेटिंगमध्ये असते. कारखान्यातून आलेली आमची रेषा थंड खोली गृहीत धरून आखलेली असावी. चाळीसला हळू, साठला निम्मा, असे. पण हवेने थंड होणारी वस्तू खोलीपेक्षा थंड होऊ शकत नाही. आमच्याकडे मेमध्ये मशीन रिकामे बसले तरी ते साठच्या जवळ. मी रेषा उजवीकडे सरकवली, साठपर्यंत हळू, पंच्याऐंशीला पूर्ण. आवाज कमी झाला, ताप तेवढाच राहिला.

तेव्हा अब्बा उठून आले. दिसत कमी होते, पण त्यांनी कॅबिनेटच्या मागे तळहात धरला. मग पुढे धरला. मग पुन्हा मागे.

"बेटा, ये भी अंदर खींच रहा है," ते म्हणाले. "निकलने का रास्ता किधर है?"

मी खाली वाकून पाहिले. आमच्या खोलीत कॅबिनेटची पाठ दाराकडे येते. येणाऱ्याला उजेड दिसावा म्हणून मुलाने मागचा पंखा देखणी बाजू बाहेर करून बसवला होता. पंखा देखण्या, उघड्या बाजूने हवा घेतो आणि जिकडे दांड्या अन् मोटरचे स्टिकर असते तिकडे सोडतो. म्हणजे चारही पंखे आत फुंकत होते. गरम हवा फटींतून मिळेल तशी निघत होती.

अब्बा म्हणाले, तारा उलट कर, उलटा फिरेल. छताच्या पंख्याचे तसेच असते, कंडेन्सरची जोडणी बदलली की तो उलट फिरतो. दुकानात असे कितीतरी उलटे फिरणारे पंखे दुसऱ्यांकडून बिघडवून यायचे. मी म्हटले, "अब्बा, हा डीसीचा आहे, आत सर्किट आहे. तारा उलट्या केल्या तर जळेल. पंखाच पलटवावा लागतो." ते माझ्याकडे बघत राहिले. "अच्छा," म्हणाले. बस, एवढेच.

पलटवायचाच होता तर मी जळका पंखा मागे लावला आणि रंगीत पुढे आणला. मागे उजेड हवाच कशाला? स्क्रू काढताना जळका पंखा अब्बांच्या हातात होता. त्यांनी तो नाकाशी नेला. पन्नास वर्षे कॉइली हुंगलेले नाक.

"हा खराब आलेला नाही. जळालाय."

मी म्हटले, "मी जाळला. बारा व्होल्टमध्ये लावला."

मला वाटले, आता येणार ते वाक्य. अब्बांनी पंखा माझ्या हातात दिला. "पहिल्या वर्षी मी किती मोटारी जाळल्या, तुझ्या अम्मीला विचार. गिऱ्हाइकांच्या होत्या." आतून अम्मी म्हणाली, "सात." त्यांनी हिशेब ठेवला होता, हे मला तेव्हा कळले.

पुढून तीन आत, मागून एक बाहेर. आत येणारी हवा जास्त राहिली की फटींतून धूळ ओढली जात नाही. आमच्याकडे ते महत्त्वाचे, कारण दिवाळीनंतर जिनिंग सुरू झाले की कापसाचे तंतू हवेत तरंगतात आणि जाळीवर पांढरी गोधडी चढते. मी पंधरा दिवसांनी जाळी काढून धुते.

स्क्रू घट्ट झाले, काच लावली. मी सवयीने बाजूला सरकले. अब्बा खुर्ची ओढून मागे बसले, तळहात त्या विझलेल्या पंख्यासमोर धरला आणि म्हणाले, "हं. प्लग लाव."

चित्राचे तेच काम पुन्हा चालवले. प्रोसेसर 79 वर थांबला. पुढचे तीन पंखे मुलाने जांभळे केले. अब्बांना जांभळा दिसत नव्हता. मागे येणारी गरम हवा तळहातावर घेत ते म्हणाले, "आता बरोबर."