पायांखालची मुंबई

सेवानिवृत्त माणसाला सल्ला द्यायला कुणाचीही परवानगी लागत नाही. शेजारच्या वकीलसाहेबांनी मला ज्ञानेश्वरी वाचायला सांगितली, मेव्हण्यांनी होमिओपॅथी शिकायला सांगितली आणि डॉक्टरांनी रोज तासभर चालायला सांगितले. पहिली दोन कामे सवडीने करण्यासारखी आहेत असे ठरवून मी तिसऱ्याला लागलो. पण डोंबिवलीत चालायचे म्हणजे स्कूटर, हातगाड्या आणि खड्डे यांच्याशी रोज नवा तह करायचा! तेव्हा दर रविवारी सकाळची गाडी पकडून मुंबईत जावे आणि तिथेच काय ते चालावे, असा बेत मी जाहीर केला.

"अहो, पस्तीस वर्षं त्या फोर्टातच गेलात ना? आता काय बघायचं राहिलंय?" आमच्या सौ.नी विचारले.

प्रश्न रास्त होता. पण नोकरदाराचे फोर्ट म्हणजे तरी काय? स्टेशनपासून कचेरीपर्यंत अकरा मिनिटांची एक वाट, वाटेत एक पानवाला, एक इस्त्रीवाला आणि पावसाळ्यात तुंबणारे एक वळण. सकाळी नजर घड्याळावर आणि संध्याकाळी इंडिकेटरवर. मान वर करून पाहण्याची चैन मस्टरवर सही करणाऱ्याला कुठली परवडायला!

म्हणून पहिल्या रविवारी मी स्टेशनाबाहेर आलो तो मान वर करूनच. १८७८ साली काम सुरू झालेली ही इमारत पुरी व्हायला दहा वर्षे लागली. आराखडा फ्रेडरिक स्टीव्हन्स यांचा, पण भिंतींवरची पानेफुले आणि पशुपक्षी घडवण्यात जे. जे. कलाशाळेतल्या विद्यार्थ्यांचा हात आहे. फाटकाच्या एका खांबावर सिंह बसला आहे, तो इंग्लंडचा. दुसऱ्यावर वाघ, तो आपला. नाव बदलून छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस झाले, २००४ साली जागतिक वारशाच्या यादीतही गेले, पण जुन्या माणसांच्या तोंडी ते अजून बोरीबंदरच आहे.

आता बोरी कुठे आणि बंदर कुठे? १६ एप्रिल १८५३ रोजी ठाण्याला पहिली आगगाडी निघाली ती याच बोरीबंदरातून, आणि त्या वेळी बंदर हा शब्द खरा होता. मुंबादेवीचे मूळ देऊळही इथेच आसपास होते. किल्ल्याच्या कामासाठी अठराव्या शतकात ते हलवावे लागले. देवीलासुद्धा जागा बदलावी लागली, मग चाळकऱ्यांची काय कथा!

त्या 'बंदर' शब्दाने माझ्या भटकंतीला दिशा दिली. मुंबई मूळची सात बेटे, हे आपण शाळेत पाठ करतो. १६६१ च्या विवाहकरारात पोर्तुगीजांनी ती इंग्लंडच्या राजाला दिली आणि १६६८ साली राजाने कंपनीला वर्षाला दहा पौंड भाड्याने देऊन टाकली. हेही पाठ असते. पण त्या बेटांमधले पाणी गेले कुठे, हे चालल्याशिवाय कळत नाही. मग दर रविवारी मी गेलेले पाणी शोधत हिंडू लागलो.

पायधुणीला गेलो. तिथे आज पाय धुवायचे तर नळच शोधावा लागेल. पण भरतीचे पाणी या ओहोळात शिरे आणि ते तुडवून आलेला वाटसरू इथे पाय धुऊन पुढे जाई, अशी नावामागची कथा आहे. ब्रीच कँडीला गेलो. नावातला 'ब्रीच' म्हणजे खिंडार. महालक्ष्मी आणि वरळी यांच्यामधून समुद्र आत घुसे तो इथून. १७८४ च्या सुमारास हॉर्नबीसाहेबाच्या अमदानीत बांध घालून ते बुजवले. बांध पुन्हा पुन्हा ढासळू लागला तेव्हा रामजी शिवजी प्रभू यांना देवीने स्वप्नात दृष्टांत दिला, पाण्यातून मूर्ती काढली आणि मगच बांध टिकला, असे महालक्ष्मीचे भाविक सांगतात. हा दृष्टांत ज्याला त्याने आपापल्या श्रद्धेप्रमाणे घ्यावा. भर घालणाऱ्या हातांचे मात्र दृष्टांतात नाव नाही. त्यांतले काही हात तेलंगणातून आलेल्या कामाठ्यांचे होते. या बांधकाम मजुरांची आठवण कामाठीपुरा या नावात उरली. पण ते नाव उच्चारताना मजूर कुणाला आठवतो?

एका रविवारी नातवाला बरोबर नेले. चर्चगेटला उतरल्याबरोबर त्याने विचारले, "आजोबा, यात चर्च कुठंय आणि गेट कुठंय?"

"चल, दाखवतो," म्हटले आणि सरळ पूर्वेला निघालो. हुतात्मा चौकातल्या कारंजापाशी थांबून सांगितले, "हे गेट!" किल्ल्याच्या तटाचा दरवाजा इथे होता. १८६० नंतरच्या दशकात तट पाडले आणि १८६४ साली या जागी फ्लोरा फाउंटन उभे राहिले. तसेच पुढे चालत राहिलो, की डाव्या हाताला सेंट थॉमसचे चर्च. १७१८ सालच्या नाताळात ते उघडले. जुन्या मुंबईचे मैल या चर्चपासून मोजत आणि तसे आकडे कोरलेले काही दगड अजून रस्त्याकडेला सापडतात. समोर एशियाटिकच्या तीस पायऱ्या. नातू त्या एका दमात चढला, मी तीन दमांत. १८३३ च्या या टाउन हॉलमध्ये नाना शंकरशेट यांचा संगमरवरी पुतळा आहे. पहिल्या आगगाडीच्या कंपनीचे ते एक संचालक. सकाळी ज्या गाडीने आम्ही घरून निघालो, तिचे हे आजोबाच म्हणायचे!

परतताना पुन्हा हुतात्मा चौक लागला. इथे मी जरा जास्त वेळ थांबतो. २१ नोव्हेंबर १९५५ रोजी संयुक्त महाराष्ट्रासाठी निघालेल्या मोर्च्यावर इथे गोळीबार झाला. त्या लढ्यात शंभराहून अधिक माणसे गेली, तेव्हा कुठे १ मे १९६० रोजी मुंबईसह महाराष्ट्र झाला. पुढच्याच वर्षी मशाल धरलेल्या शेतकरी-कामगाराचे स्मारक उभे राहिले. माझे वडील त्या मोर्च्यात होते. त्याविषयी ते फारसे बोलत नसत, पण या चौकातून जाताना चपला काढून हात जोडत. लहानपणी मला त्याचा संकोच वाटे. आता नातवाने विचारले, "इथं देऊळ नाही, मग नमस्कार कुणाला?" मी त्याला पणजोबांची गोष्ट सांगितली. त्याने बुटांची नाडी सोडायला सुरुवात केली.

तिथून ओव्हल मैदान दोन पावलांवर. मध्ये उभे राहावे. पूर्वेला राजाबाई टॉवर, पश्चिमेला १९३० नंतरच्या काळातल्या गोलसर सज्ज्यांच्या इमारती. या समोरासमोरच्या दोन रांगांनाही २०१८ साली जागतिक वारशाचा मान मिळाला. टॉवरला पैसा दिला प्रेमचंद रायचंद यांनी आणि नाव दिले आईचे. अमेरिकेतल्या यादवी युद्धाने कापसाचे भाव चढले, मुंबईत पैशाचा पूर आला. १८६५ साली युद्ध संपले आणि तो पूर ओसरला. समुद्र हटवायला काढलेल्या कंपन्यांचे शेअर रद्दीच्या मोलाचे झाले, खुद्द प्रेमचंद बुडाले. १८७८ साली टॉवर मात्र पुरा झाला. पैशाने आईचे नाव लावले तेवढेच टिकले.

ओव्हलच्या पश्चिमेची जमीन म्हणजे जुना समुद्रच. १९२० नंतर भर घालत घालत तो मरीन ड्राइव्हपर्यंत मागे सारला. आजही ते थांबलेले नाही. मरीन ड्राइव्हहून वरळीकडे जाणारा किनारी रस्ता २०२४ पासून टप्प्याटप्प्याने खुला झाला, त्यासाठीही समुद्रात भर पडली आणि आपल्या होड्यांच्या वाटेसाठी वरळीच्या कोळ्यांना झगडावे लागले. प्रत्येक भरावाच्या वेळी कुणाला तरी पाय मागे घ्यावा लागतो, आणि पुढे आलेल्या जमिनीवर आपण निवांत फिरायला जातो.

एवढे चालून मला उमगले ते इतकेच. ही जमीन आपल्याला आयती मिळालेली नाही. कुणी टोपलीने माती वाहिली, कुणी पैसा ओतला, कुणी रक्त सांडले. पस्तीस वर्षे मी तिच्यावरून घाईने गेलो. आता सावकाश जातो, एवढाच फरक.

वाचकहो, दिवाळीच्या सुटीत पाहुणे आले की त्यांना एका रविवारी सकाळी सातच्या आत फोर्टात न्या. जुने, सवयीचे बूट घाला, पाण्याची बाटली घ्या आणि लहान मूल बरोबर असू द्या. प्रश्न तेच विचारते. आणि हुतात्मा चौकात आल्यावर त्याला दोन मिनिटे जास्त द्या; नाडी सोडायला वेळ लागतो.