हस्तामलक

'हस्तामलकवत्' हा शब्द वर्गात समजावून सांगताना आम्ही दोघेही वर्षानुवर्षे तळहात पुढे करीत आलो आहोत. तळहातावरच्या आवळ्यासारखे स्वच्छ, सर्व बाजूंनी दिसणारे ज्ञान. एकनाथांच्या 'हस्तामलक' टीकेचा विषय निघाला, की हा अभिनय ठरलेला. गेल्या मार्गशीर्षात मात्र आईंच्या मोरावळ्याच्या बरणीने आमची ही स्वच्छता पार गढूळ केली.

आईंचे वय अठ्ठ्याहत्तर. रक्तात साखर अधिक, लोह कमी. डॉक्टरांनी मोरावळा बंद केला, आम्ही बरणी माळ्यावर ठेवली, आणि आईंनी आमच्याशी बोलणे सोडले. चौथ्या दिवशी एवढेच म्हणाल्या, "आवळ्याने लोह अंगी लागते, हे तुमच्याच पुस्तकांत आहे ना?"

ते खरेच होते. क जीवनसत्त्वामुळे धान्य-भाज्यांतले लोह अधिक शोषले जाते. पण आवळ्यात ते किती? हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या जुन्या तक्त्यात 100 ग्रॅमला 600 मिलिग्रॅम. त्याच संस्थेच्या 2017च्या तक्त्यात सुमारे 250. दोन प्रतींत असा पाठभेद आढळला तर आम्ही विद्यार्थ्यांना पोथ्यांची वंशावळ शोधायला लावतो; येथे झाडाची जात, फळाची पक्वता, मोजण्याची रीत पाहावी लागते. (धाकटा आकडाही संत्र्याच्या पाचपट भरतो.) शिवाय आवळे उकडून पाकात मुरवले, की जीवनसत्त्व घटते, साखर तेवढी शाबूत राहते.

चरकसंहितेत हा आकड्यांचा घोळ नाही. चिकित्सास्थानाचा पहिलाच पाद 'अभयामलकीय', म्हणजे हिरडा आणि आवळा यांचा. दोघांतही खारट वगळून पाचही रस. हिरडा उष्ण, आवळा शीत. च्यवनप्राशाला 500 आवळे मोजून घ्यायला सांगणारा हा ग्रंथ फळाची ओळख करून देतो ती चवीने. आणि तो उणा राहिलेला सहावा रस? शाळेच्या दारात आवळ्यावर मीठ चोळून खाताना आपण सगळ्यांनीच तो भरून काढला आहे, चरक न वाचता.

अखेर तह झाला तो ताज्या आवळ्यावर. रोज जेवणाबरोबर एक फोड आणि चिमूटभर मीठ. डॉक्टरांनीही हरकत घेतली नाही. पहिल्या दिवशी आईंनी तोंड वाकडे करीत फोड चावली, वर पाण्याचा घोट घेतला, आणि माळ्याकडे पाहत म्हणाल्या, "गोड लागतंय. हे पाणीही बंद करणार का?"