दळण आणि वाफ

माटुंग्याच्या बाजारात कॉफीचं दुकान आधी नाकाला सापडायचं, मग डोळ्यांना. १९७४-७५ सालची गोष्ट. महिन्यातून एका रविवारी मी बाबांबरोबर दादरहून चालत तिथे जायचो. काउंटरच्या मागे विजेवरची चक्की होती, साधारण माझ्याच उंचीची. वर बिया ओतायचं नरसाळं, खाली कागदी पिशवी अडकवायचं तोंड. दुकानदार भाजलेल्या बिया तागडीत घालायचे, चिकोरी किती ते विचारायचे, आणि चक्कीवर हात ठेवून म्हणायचे, "फिल्टरला की उकळायला?"

"उकळायला. जरा जाडसरच ठेवा," हे बाबांचं ठरलेलं उत्तर. पाव किलोची ती पिशवी हातात यायची तेव्हा चांगली कोमट असायची. घरापर्यंत ती छातीशी धरून न्यायचा मान माझा.

दुकानदारांच्या त्या एका प्रश्नात कॉफीचं निम्मं शास्त्र होतं. ते कळायला मला निवृत्त व्हावं लागलं, पुण्यात येऊन राहावं लागलं आणि घरासाठी सेमी-ऑटोमॅटिक एस्प्रेसो मशीन निवडायला बसावं लागलं.

आमचं घर तसं चहाचं. कॉफी पाहुण्यांसाठी, परीक्षेच्या जागरणासाठी, किंवा कुणी तापातून उठलं की. दुधात पूड आणि साखर घालून आई ती उकळायची, किसणीवर जायफळ फिरवायची आणि फडक्यातून गाळायची. ते फडकं कितीही धुतलं तरी तपकिरीच राहायचं. तळमजल्यावरच्या तमिळ मामींनी आईला एकदा पितळेचं फिल्टर दिलं, तेव्हा कॉफी थेंबाथेंबानं उतरते हे आम्ही पहिल्यांदा पाहिलं. रात्री पूड भरून, दाबून, वरून उकळतं पाणी ओतून ठेवायचं आणि झोपायचं. सकाळी खालच्या भांड्यात काळंभोर डिकॉक्शन जमलेलं. बाबांनी पुढच्या खेपेला दुकानात उत्तर बदललं: "अर्धी उकळायला, अर्धी फिल्टरला."

आणि मग आली लग्नातली एस्प्रेसो. ऐंशीच्या दशकात मुंबई-पुण्यात ज्यांनी स्वागत समारंभ पाहिले, त्यांच्या कानात तो आवाज अजून असेल. मंगल कार्यालयाच्या कोपऱ्यात एक चकचकीत स्टीलचं धूड, त्याला वाफेची नळी आणि पांढरा कोट घातलेला माणूस. कपात इन्स्टंट कॉफी, साखर आणि दूध घालून तो नळी आत बुडवायचा. सगळ्या हॉलभर फुस्स्स असा आवाज जायचा आणि कप फेसानं भरून वर यायचा. त्यावर चॉकलेटची पूड भुरभुरली की झाली एस्प्रेसो. आइसक्रीमपेक्षा मोठी रांग तिथे लागायची. तोच फेस घरी आणायचा म्हणून आम्ही भावंडं कपात एक चमचा कॉफी, दोन चमचे साखर आणि चार थेंब पाणी घेऊन मनगट दुखेपर्यंत फेटत बसायचो. एस्प्रेसो म्हणजे फेस, अशीच आमच्या पिढीची पक्की समजूत झाली, आणि त्या फेसाशी जोडलेला आनंद खरा होता.

खऱ्या एस्प्रेसोत वाफ कपात जात नाही. बारीक दळलेल्या, दाबून बसवलेल्या कॉफीतून गरम पाणी जोरानं ढकललं जातं. गंमत अशी की इटलीतही सुरुवात वाफेनंच झाली होती. मिलानच्या लुइजी बेझ्झेरानं १९०१ साली आपल्या यंत्राचं पेटंट घेतलं, ते बॉयलरमधल्या वाफेच्या दाबावर चालायचं. दाब जेमतेम दीड बार, पाणी मात्र उकळतं, त्यामुळे कॉफी झटपट व्हायची पण करपट लागायची. दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४८च्या सुमारास, आकिले गाजियाची दांड्याची यंत्रं आली. दांडा ओढला की स्प्रिंगच्या जोरावर पाणी आधीपेक्षा कितीतरी जास्त दाबानं कॉफीतून जायचं, आणि कपात वर सोनेरी साय धरायची. तीच क्रेमा. १९६१ साली फाएमा कंपनीच्या ई-६१ या यंत्रात हाताच्या जोराची जागा विजेच्या पंपानं घेतली आणि नऊ बारचा दाब रूढ झाला. ई-६१ची ती गोलमटोल, क्रोमची चमकती मान आजही घरगुती मशीनवर मिळते. म्हणजे आमच्याकडच्या लग्नांतल्या यंत्राचं एस्प्रेसोशी नातं होतं ते फक्त दुधाच्या बाजूनं, वाफेच्या नळीपुरतं.

आता निवडीविषयी. बटण दाबलं की दळण्यापासून दुधापर्यंत सगळं करणारी फुल्ली ऑटोमॅटिक मशीन आहेत, कॅप्सूलवाली आहेत. सकाळी सातला धावत निघणाऱ्या घरात ती सोयीची, त्यांना मी नावं ठेवणार नाही. सेमी-ऑटोमॅटिकमध्ये पाण्याचं तापमान आणि पंप मशीन सांभाळतं. दळणं, भरणं, दाबणं, कधी थांबवायचं ते ठरवणं आणि दूध फेसाळणं हे आपल्याकडे राहतं. ज्या घरात कॉफी फडक्यातून गाळली गेली, त्या घरातल्या माणसाला हाताशी काही राहिलेलं बरं वाटतं. मला वाटलं.

पहिलं मशीन मी घाईत घेतलं. सवलत चालू होती आणि खोक्यावर ठळक अक्षरांत १५ बार छापलं होतं. तो आकडा पंपाच्या ताकदीचा असतो. कॉफीला हवा असतो नऊच्या आसपासचा दाब, आणि चांगल्या मशीनमध्ये जास्तीचा दाब सोडून देणारा व्हॉल्व्ह असतो, हे तेव्हा माहीत नव्हतं. घरात ग्राइंडर नव्हता, म्हणून फिल्टर कॉफीची ८०:२०ची, म्हणजे पाचवा हिस्सा चिकोरी असलेली, तयार पूड भरली. फेस छान आला, चव मात्र पाणचट आणि कडू. मशीनबरोबर आलेली, कॉफी भरायची जाळी दुहेरी तळाची होती. तिला खाली एकच बारीक भोक असतं, आत काहीही भरा, ती दाब धरते आणि फेस काढते. एकेरी तळाची जाळी मागवली आणि खरं काय ते दिसलं: नऊ सेकंदांत कप भरून वाहिला. ती पूड रात्रभर थेंब थेंब गळण्यासाठी दळलेली होती, आणि मी तिच्याकडून अर्ध्या मिनिटाचं काम मागत होतो. चिकोरीचं स्थान पितळेच्या फिल्टरमध्ये, तिथे ती डिकॉक्शनला रंग आणि दाटपणा देते. मशीनमध्ये ती घालू नये.

पूर्वी चक्की दुकानात होती आणि चक्कीमागे जाणता माणूस होता. आता चक्की घरात हवी आणि जाणतं आपल्याला व्हायचं आहे. म्हणून कुणी विचारलं, कोणतं मशीन घेऊ, तर मी आधी विचारतो, ग्राइंडर कोणता घेणार? मशीनइतकेच पैसे ग्राइंडरला बाजूला काढा. मराठी घराला हे पटायला अवघड नाही. भाकरीचं पीठ बारीक, लाडवाचं बेसन रवाळ, हे आपण गिरणीवाल्याला सांगतच आलो आहोत. तो चाक फिरवून दगडांमधलं अंतर बदलायचा. कॉफीच्या ग्राइंडरमध्येही जात्याच्या तळींसारख्या दोन पोलादी चकत्या असतात आणि अंतर केसाएवढं सरकलं तरी चव बदलते. मिक्सरच्या पात्यानं मात्र बिया फुटतात, दळल्या जात नाहीत: निम्मी धूळ, निम्मे तुकडे. विजेचा चांगला ग्राइंडर परवडत नसेल तर चांगला हातानं फिरवायचा घ्यावा.

दुसऱ्यांदा मी हाच क्रम धरला. नव्या ग्राइंडरची पहिली सकाळ अजून आठवते. १८ ग्रॅम बिया काट्यावर मोजल्या, दळल्या, दांडीच्या जाळीत भरून टॅम्परनं सपाट दाबल्या. पंप सुरू केला. चौदा सेकंदांत ३६ ग्रॅम उतरली, आंबट. ग्राइंडरचं कडं दोन खुणा बारीककडे सरकवलं. बावीस सेकंद. आणखी एक खूण. या वेळी पहिले सहा-सात सेकंद काहीच झालं नाही, मग जाळीखाली गडद थेंब जमले, एकत्र आले आणि उंदराच्या शेपटीसारखी एक बारीक धार कपात उतरू लागली. ही उपमा इटालियन लोकांचीच आहे आणि ती धार पाहिली की दुसरी सुचत नाही. अठ्ठावीस सेकंद. काळपट, मग तांबूस, मग मधासारखी. थांबवली, प्यायलो. कडूपणाच्या मागून गूळ वितळल्यासारखी गोडी आली, साखर न घालता.

मशीनबद्दल थोडं. एकाच बॉयलरचं मशीन कॉफीसाठी ९३ अंशांच्या आसपास आणि वाफेसाठी त्याहून बरंच जास्त तापवतं, म्हणून कॉफी आणि दूध यांच्यामध्ये थांबावं लागतं. दोन बॉयलरच्या मशीनला थांबावं लागत नाही, पण ते महाग, जड आणि तापायला वेळ घेणारं. दिवसाला तीन-चार कप होणाऱ्या घराला एक बॉयलर पुरतो, फक्त तापमान स्थिर ठेवणारी पीआयडी यंत्रणा असेल तर ती सोडू नये. जाळी ५८ मिलिमीटरची असेल तर उत्तम, कॅफेत तीच चालते, त्यामुळे सुटे सामान सहज मिळतं. गाजिया क्लासिक हे मशीन १९९१पासून आहे, रान्चिलिओ सिल्विया १९९७पासून. वर्षानुवर्षं फारशी न बदललेली मशीन मला भरवशाची वाटतात, कारण त्यांचं रबर आणि व्हॉल्व्ह दहा वर्षांनीही मिळतात. आमचा मिक्सर गल्लीतल्या कारागिरानं वीस वर्षं चालवला. दुरुस्त कोण करणार, हा प्रश्न खरेदीआधी विचारायचा असतो.

घरातलं सॉकेटही पाहावं. यातली बरीच मशीन चौदाशे-पंधराशे वॉट घेतात, त्यांना १६ अँपिअरचं सॉकेट लागतं. अमेरिकेतून कुणी प्रेमानं मशीन आणत असेल तर आधीच थांबवा. तिकडचा दाब ११०-१२० व्होल्टचा, आपला २३०चा. ट्रान्सफॉर्मर लावला तरी तिकडची ६० हर्ट्‌झची वीज मिळत नाही, इथली ५०चीच राहते, आणि लहान पंप विजेच्या त्याच ठेक्यावर चालतात. पाणीही पाहावं. मुंबईत तलावांचं मऊ पाणी होतं, तेव्हा क्षार हा शब्द आम्हाला पुस्तकातच भेटला. आता सोसायटीत टँकर आणि बोअरचं पाणी येतं. किटलीत पांढरा थर दिसतो, तोच बॉयलरच्या आत बसतो, फक्त दिसत नाही.

एका बाबतीत मात्र आजचा काळ निःसंशय उजवा आहे. बाबांच्या वेळी मळेवाल्याला आपली कॉफी कॉफी बोर्डाच्या सामाईक साठ्यात घालावी लागे. १९४२च्या कायद्यानं आलेली ती पद्धत १९९६पर्यंत टप्प्याटप्प्यानं उठली. तोपर्यंत बी कुठल्या डोंगरावरची हे दुकानदारांनाही सांगता येत नसे. आता पुडक्यावर चिकमगळूर किंवा कूर्गच्या मळ्याचं नाव असतं आणि भाजल्याची तारीख असते. ती तारीख बघूनच घ्यावं. भाजून आठवडा-दहा दिवस झालेली बी एस्प्रेसोला सगळ्यात बरी. आपली कॉफी सर्वांत जास्त विकत घेणारा देश इटलीच. तिथल्या मिश्रणांत आपला रोबस्टा जातो, आणि पावसाळी वाऱ्यावर फुगवलेली मॉन्सून्ड मलबारही. इटलीत जाणारी ती चव आता पुण्यातल्या ओट्यावर उतरते. पावसाळ्यात ग्राइंडरचं कडं पुन्हा सरकवावं लागतं, हवेतली ओल बिया लगेच सांगतात.

आई आता ८७ वर्षांची आहे. माझी काळी एस्प्रेसो तिला मानवत नाही, एक घोट घेऊन कप माझ्याकडे सरकवते. पण वाफेची नळी सुरू झाली की आतल्या खोलीतून काठी टेकत बाहेर येते आणि ओट्याला धरून उभी राहते. परवा दूध वर चढत होतं, तिनं डोळे मिटून आवाज ऐकला आणि म्हणाली, "सुमाच्या लग्नात होतं ना रे असंच. वर काहीतरी भुरभुरायचा तो."

"चॉकलेटची पूड, आई. घरात नाहीये."

"मग जायफळ आण," ती म्हणाली. "किसणी खालच्या फडताळात आहे."